झायलीनऐवजी खोबरेल: ऊतक-प्रक्रिया कक्षातील प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४, रत्नागिरी

पाऊस लागल्यापासून प्रक्रिया कक्षाच्या खिडक्या बंद आहेत आणि सकाळी दार उघडले की झायलीन या आमच्या रोजच्या द्रावकाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास समोर उभा असतो. एरवी समुद्रावरून येणारा वारा तो वाहून नेतो, म्हणून तो किती साचतो हे वर्षातले आठ महिने आमच्या ध्यानातही येत नाही. दोन सहकारी मुलींचे दुपारपर्यंत डोके धरते. भांडी विसळणाऱ्या मावशींच्या बोटांची सालपटे निघत आहेत, कारण झायलीन त्वचेवरचा स्निग्धांश धुऊन काढते आणि त्यांना दिलेले साधे लेटेक्सचे हातमोजे या कामाचे नव्हेतच; त्यातून झायलीन पाहता पाहता आत उतरते. जाड नायट्राइलचे मोजे आज मागवले असून तेही केवळ शिंतोड्यांपुरतेच आहेत, ते घालून भांड्यात हात बुडवायचा नाही, असे सर्वांना बजावले आहे.

डॉक्टरांशी बोलून आजपासून ही वही सुरू केली. प्रश्न एवढाच आहे की टिश्यू प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे रुग्णाचा तुकडा पातळ काप काढता यावेत म्हणून मेणात बसवण्याच्या प्रक्रियेत, क्लिअरिंगसाठी आपण जे झायलीन वापरतो, त्याच्या काही भागाची जागा खोबरेल तेलाला घेता येईल का. भारतातील दंत महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांतून या तेलावर प्रयोग झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत. परंतु आमची हवा, आमचे यंत्र आणि आमच्याकडे येणारे नमुने यांच्यावर ते पडताळल्याखेरीज मी एकही रुग्णाचा तुकडा तेलात घालणार नाही.

नव्या मुलींसाठी मूळ तत्त्व येथे लिहून ठेवते. फॉर्मॅलिनमध्ये स्थिर झालेल्या ऊतकात पाणी असते आणि पॅराफिन मेण पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढावे लागते. पण अल्कोहोलही मेणात मिसळत नाही. त्यामुळे मध्ये असा एक द्रव लागतो, जो अल्कोहोललाही सामावून घेईल आणि मेणालाही वाट करून देईल. क्लिअरिंग एजंटचे खरे काम हे मध्यस्थाचे आहे. 'क्लिअरिंग' हे नाव मात्र एका दृश्य परिणामावरून पडले: झायलीनचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) सुमारे १.५० असून तो ऊतकातील प्रथिनांच्या अपवर्तनांकाच्या जवळ आहे, म्हणून झायलीनमध्ये मुरलेला तुकडा काचेसारखा पारभासी दिसू लागतो. १९५० च्या दशकात झायलीन प्रयोगशाळांत रूढ झाले ते बेन्झीन, क्लोरोफॉर्म, डायॉक्सेन यांच्यापेक्षा कमी घातक म्हणून.

१८ जून

तेलाकडे वळण्याआधी हवेची व्यवस्था पाहिली. आमचा एक्झॉस्ट पंखा छताजवळ आहे, आणि झायलीनची वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून अधिक जड असल्यामुळे ती टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते. म्हणजे पंखा इतकी वर्षे वरची स्वच्छ हवा बाहेर टाकत होता. सुताराला बोलावून टेबलाच्या मागच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर दुसरा पंखा बसवून घेतला. २०२४ मध्ये लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीसाठी झायलीनची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) होती. मोजण्याचे उपकरण आमच्याकडे नाही, तेव्हा वास येऊ लागला की काम थांबवून दार उघडायचे, हाच तूर्त नियम.

२७ जून

आज पाच ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) वाया जाता जाता वाचले. स्तनाच्या गाठीचे दोन आणि गर्भाशयाचे तीन, असे कापायला घेतले असता मायक्रोटोमवर (पातळ काप काढण्याच्या यंत्रावर) रिबन, म्हणजे कापांची सलग पट्टी, धरेना. ऊतकाचा मध्यभाग मऊ होता, बोट लावले तर खळगा पडत होता आणि पात्याखाली तो भाग मेणापासून सुटून गळून जात होता, त्यामुळे कापात नेमके जेथे पाहायचे तेथेच भोक पडत होते. पाचही ब्लॉक वितळवून, मागे झायलीन आणि अल्कोहोलपर्यंत नेऊन पुन्हा प्रक्रियेला लावले.

सगळ्यांचे मत पडले की झायलीन खराब झाले आहे. मला ते पटले नाही, कारण बाटली गेल्याच आठवड्यात उघडली होती.

२ जुलै

साधी परीक्षा केली. स्वच्छ परीक्षानळीत ताजे झायलीन घेऊन त्यात यंत्राच्या शेवटच्या अल्कोहोल-भांड्यातले काही थेंब सोडले. नळी हलवताच झायलीन दुधाळ झाले. नव्या, सीलबंद बाटलीतल्या अल्कोहोलचे तेवढेच थेंब दुसऱ्या नळीत सोडले, ते निवळ राहिले. याचा अर्थ स्पष्ट आहे: दोष झायलीनमध्ये नसून त्याच्या आधीच्या भांड्यात आहे. ज्याला आम्ही शुद्ध समजत होतो, त्या अल्कोहोलमध्ये पाणी होते.

आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, कारण शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि छोट्या प्रयोगशाळेला ते सोयीचे नसते. दोन्ही अल्कोहोल हवेतली आर्द्रता शोषून घेतात. जुलैत आमच्याकडे मिठाच्या बरणीत पाणी सुटते, भिंतींना घाम फुटतो. अशा हवेत झाकण अर्धवट लागलेले अल्कोहोलचे भांडे कोरडे राहील, अशी अपेक्षाच चुकीची होती. शिवाय हवेपेक्षाही जास्त पाणी टोपलीबरोबर येते. आमचे यंत्र बारा स्थानकांचे फिरते आहे: फॉर्मॅलिन, मग ७०, ८० आणि ९५ टक्के, शुद्ध अल्कोहोलची तीन भांडी, झायलीनची तीन आणि मेणाची दोन. टोपली एका भांड्यातून वर येऊन दुसऱ्यात उतरताना कॅसेटच्या, म्हणजे तुकडे ठेवायच्या डब्यांच्या, जाळीत अडकलेला द्रव पुढे घेऊन जाते, आणि रोज भरगच्च कॅसेट लावल्या की तिसऱ्या शुद्ध भांड्यापर्यंत पाणी पोहोचायला आठवडाही लागत नाही.

४ जुलै

पाणी ओळखण्यासाठी मोरचूद वापरायचे ठरवले. आमच्याकडचे बागायतदार सुपारीवरच्या कोळेरोगासाठी चुना मिसळून फवारतात, तोच हा मोरचूद; आम्ही फक्त प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध घेतला. निळे स्फटिक चिनीमातीच्या बशीत २०० अंशांच्या पुढे तापवत गेलो. आधी खडे फिके पडले, मग तडतडून त्यांचा चुरा झाला आणि शेवटी बशीत पांढरीशुभ्र भुकटी उरली. ती गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरली, तरी झाकण लावेपर्यंतच्या अवधीत बाटलीच्या तोंडाशी सांडलेल्या कणांवर आकाशी छटा आलीच. आमच्या हवेत किती पाणी आहे, हे आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा त्या चार कणांनी मुलींना जास्त चांगले शिकवले.

शेवटच्या शुद्ध भांड्याच्या तळाशी या भुकटीचा अर्धा इंच थर, त्यावर दुहेरी गाळणकागद, आणि टोपली कागदाला टेकणार नाही एवढी पातळी, अशी मांडणी केली आहे. थर निळा झाला की पहिले शुद्ध भांडे काढून टाकायचे, दुसरे पहिल्याच्या आणि तिसरे दुसऱ्याच्या जागी सरकवायचे आणि शेवटी ताजे अल्कोहोल ठेवायचे.

१५ जुलै

मांडणी बदलल्यापासून मऊ ब्लॉक एकही निघालेला नाही. पहिल्या दहा दिवसांत थर एकदा निळा झाला.

२३ जुलै

रात्री वादळी पावसात वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. इन्व्हर्टर तीन तासांनी संपला आणि यंत्राची टोपली झायलीनच्या दुसऱ्या भांड्यातच अडकून राहिली. सकाळी कॅसेट उघडल्या तेव्हा पित्ताशयाच्या भिंतीचे तुकडे भाजलेल्या पापडासारखे कडक आणि वाकलेले होते. झायलीनमध्ये दोन-तीन तासांहून अधिक काळ राहिलेले ऊतक आवळते, ठिसूळ होते, आणि पाते त्याच्यावरून जाताना कापात समांतर चिरा पडतात. ब्लॉकचा पृष्ठभाग बर्फाच्या पाण्यात बराच वेळ भिजवून कसेबसे काप मिळाले. निदान झाले, पण डॉक्टरांनी दोन स्लाइड पुन्हा मागितल्या.

अशी रात्र येथे पावसाळ्यात एकदाच येत नाही. म्हणून खोबरेल तेलाच्या बाजूने सांगितला जाणारा एक गुण मला इतर सर्व गुणांपेक्षा मोलाचा वाटतो: तेलात अधिक वेळ राहिल्याने ऊतक कडक होत नाही.

६ ऑगस्ट

तेलाचे काम सुरू केले. शेजारच्या गावातल्या घाण्यावरून सुक्या खोबऱ्याचे, वास वा इतर काही न मिसळलेले तेल आणले. घाण्याच्या तेलात थोडा पाण्याचा अंश आणि बारीक पेंड असते, म्हणून ते गाळून, तापवून, थंड झाल्यावर कोरड्या बाटल्यांत भरले.

मग मिश्रणाची परीक्षा. ताज्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेल सहज मिसळले आणि नळी निवळ राहिली. महाविद्यालयातून मागून आणलेल्या थोड्या इथेनॉलमध्ये मात्र खोलीच्या तापमानाला ते नीट मिसळले नाही. नळी गढूळ झाली, थोड्या वेळाने खाली तेलाचा थर दिसू लागला आणि कोमट पाण्यात धरल्यावर गढूळपणा कमी झाला. त्यानंतर आयसोप्रोपिलच्या निवळ नळीत पाण्याचे मोजके थेंब टाकले तर तिच्यातही तेल वेगळे झाले. परवान्याच्या अडचणीमुळे पत्करलेले अल्कोहोलच या कामाला अधिक योग्य ठरले. पण पाण्याच्या बाबतीत तेल झायलीनइतकेच कठोर आहे. जूनमध्ये आम्ही आमच्या त्या ओल्या अल्कोहोलनंतर थेट तेल वापरून पाहिले असते, तर तेल निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढून मोकळे झालो असतो.

१४ ऑगस्ट

पहिली जोडी लावली. निदानाचे ब्लॉक पूर्ण होऊन अहवाल गेल्यावर उरलेल्या भागातूनच, डॉक्टरांच्या परवानगीने, अपेंडिक्स, पित्ताशय, त्वचा आणि गर्भाशयमुख यांचे तीन मिलिमीटरहून पातळ तुकडे घेतले. प्रत्येकाचे दोन भाग करून एक झायलीनला, एक तेलाला. झायलीनमध्ये एकेक तासाची दोन भांडी. तेल मात्र झायलीनपेक्षा कित्येक पटींनी दाट असल्याने ऊतकात हळू शिरते, म्हणून ४५ अंशांच्या पाण्याच्या बाथमध्ये ठेवलेल्या तेलाची दोन-दोन तासांची दोन भांडी. उघड्या अल्कोहोलचे भांडे बाथजवळ आणायचे नाही, हे मुलींकडून दोनदा वदवून घेतले.

एक गोष्ट आधी ठाऊक असायला हवी होती. झायलीनमधला तुकडा उजेडासमोर धरला की पारभासी होतो आणि मध्यभागी पांढरा ठिपका उरला तर आत पाणी आहे हे कळते. आमची सगळी नजर त्यावर बसलेली आहे. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक ४० अंशांना सुमारे १.४५ असतो, म्हणून त्यात तुकडा तसा काचेसारखा होतच नाही. क्लोरोफॉर्मचाही अपवर्तनांक साधारण एवढाच असल्याने ते वापरणाऱ्यांना हीच अडचण येत असे. धाकटी सहकारी तासाभराने येऊन म्हणाली, "ताई, हा अजून झालाच नाही, वेळ वाढवू का?" तो झालेला होता. तेलाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबता येत नाही, घड्याळच पाळावे लागते.

१६ ऑगस्ट

काप काढले. तेलाच्या ब्लॉकची रिबन झायलीनच्या रिबनपेक्षा मऊ आली आणि सुरी खाली जाताना एकही कर्कश आवाज नाही. पण सुरकुत्या जाव्यात म्हणून अपेंडिक्सचा काप ४८ अंशांच्या पाण्यावर सोडला आणि त्याच्याभोवती इंद्रधनुषी रंगाचे एक पातळ कडे पसरत गेले. पावसात रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसते तसे. क्षणभरात काप गरजेपेक्षा जास्त ताणला गेला आणि श्लेष्मल पटलाची घडी उलगडून फाटली. मेणात तेल शिल्लक होते.

कारण विचार केल्यावर सोपे वाटते. झायलीन ६० अंशांच्या मेणातून थोडे थोडे उडून जाते, त्यामुळे मेणात आलेले झायलीन काही प्रमाणात आपोआप कमी होते. खोबरेल तेल उडत नाही. जेवढे तेल कॅसेटबरोबर मेणात आले, तेवढे तेथेच राहते आणि दर खेपेला वाढत जाते. म्हणून तेलातून काढलेल्या कॅसेट आधी गाळणकागदावर निथळवून, मेणाच्या दोनऐवजी तीन भांड्यांतून नेऊन, पहिल्या भांड्यातले मेण दर खेपेला टाकून द्यायचे ठरवले. मेणाचा खर्च वाढेल. तो या प्रयोगाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. तेल स्वस्त म्हणून पद्धत स्वस्त, असे म्हणता येणार नाही.

२९ ऑगस्ट

मावशींनी वापरलेल्या तेलाबद्दल विचारले की एवढे चांगले तेल फेकायचे का, दिव्याला तरी चालेल. त्यांना बसवून समजावले: त्यात फॉर्मॅलिनचे, अल्कोहोलचे आणि रुग्णाच्या ऊतकाचे अंश उतरलेले असतात, म्हणून ते आता तेल नसून कचरा आहे आणि जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे ते वेगळ्या डब्यातच जायला हवे. हाच नियम वापरलेल्या झायलीनचा. पूर्वी मी एका ठिकाणी काम करत होते, तेथे जुने झायलीन सरळ बेसिनात ओतले जात असे, आणि मीही ते ओतले आहे. आपल्याकडे खाली जांभा आहे, त्याला चाळणीसारखी छिद्रे असतात, आणि प्रत्येक परसात विहीर आहे. बेसिनात सोडलेला द्रव कोणाच्या पोहऱ्यात वर येईल, हे सांगता येत नाही. ती आठवण मला आजही अस्वस्थ करते.

५ सप्टेंबर

परवापासून गणपती. आठवडाभर नमुने जवळजवळ येणार नाहीत आणि कामाला माणसेही नसतील. आलेले तुकडे फॉर्मॅलिनमधून ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवले, यंत्र रिकामे केले, सर्व भांड्यांची झाकणे चिकटपट्टीने बंद केली.

२४ सप्टेंबर

नव्या क्रमाने, तिसरे मेण धरून, दुसरी फेरी. पाण्यावर तेलाचे कडे दिसले नाही.

१८ ऑक्टोबर

डॉक्टरांनी स्लाइड पाहिल्या. नावे झाकून फक्त सांकेतिक अक्षरे ठेवली होती, आणि प्रत्येक स्लाइडवर केंद्रकाची रेखीवता, पेशीद्रव्याचा रंग, आकुंचन आणि कापातील दोष एवढेच लिहायचे होते. त्वचा, गर्भाशयमुख आणि अपेंडिक्स यांच्या जोड्यांत त्यांना झायलीन कोणते आणि तेल कोणते हे ओळखता आले नाही. त्वचेच्या एका तेलातल्या स्लाइडमध्ये उलट आकुंचन कमी वाटले, असे त्यांनी लिहिले आहे.

स्तनाच्या चरबीयुक्त ऊतकाची गोष्ट वेगळी. तेलातल्या चारही ब्लॉकमध्ये चरबीचे पुंजके रिबनमधून निसटले आणि स्लाइडवर रिकामी भगदाडे राहिली. स्तनाचा कर्करोग कधी कधी नेमका चरबीच्या कडेला चार पेशींच्या रांगेत लपलेला असतो. अशा ठिकाणी भगदाड म्हणजे निदान हुकण्याची शक्यता, आणि ती पत्करण्याइतके कोणतेही कारण माझ्या दृष्टीने मोठे नाही. स्तन, चरबी आणि मोठे तुकडे झायलीनमध्येच राहतील, यावर डॉक्टरांचे व माझे एकमत झाले.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट खटकली. झायलीन केवळ यंत्रात नाही. रंगकामाच्या टेबलावर स्लाइडवरचे मेण काढायला ते आहे, रंग झाल्यावर पुन्हा आहे आणि स्लाइडवर काच चिकटवायच्या डीपीएक्स या द्रवातही आहे. यंत्र रात्री रिकाम्या खोलीत चालते; रंगकामाच्या टेबलावर मात्र माणूस तासन्‌तास भांड्यांवर वाकलेला असतो. म्हणजे मुलींचे डोके धरते ते मुख्यत्वे त्या टेबलामुळे, आणि तेलाने ते काम होणार नाही. खालचा पंखा उद्याच त्या टेबलामागे हलवायचा आणि भांड्यांना घट्ट बसणारी झाकणे आणायची, हे तेलापेक्षा अधिक निकडीचे आहे.

३ डिसेंबर

डॉक्टरांच्या लेखी संमतीने तोंडाच्या, त्वचेच्या आणि गर्भाशयमुखाच्या लहान बायोप्सी आजपासून यंत्राऐवजी तेलाच्या हातप्रक्रियेत. आमच्याकडे मशेरी आणि तंबाखूमुळे तोंडाच्या बायोप्सी पुष्कळ येतात. दोन-तीन मिलिमीटरचे ते तुकडे झायलीनमध्ये चटकन कडक होतात, म्हणून सुरुवातीला तेच निवडले. शंका आली तर राखून ठेवलेला भाग झायलीनला लावायचा.

११ जानेवारी २०२५

सकाळी गारठा होता. बाथ रात्री कोणीतरी बंद केला होता आणि तेलाचे दुसरे भांडे पांढरेफटक गोठलेले. त्यात तोंडाच्या दोन बायोप्सींच्या कॅसेट घट्ट रुतून बसल्या होत्या. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजते, हे घरात रोज पाहत असूनही मी सूचनापत्रकात लिहिले नव्हते. सहकारी मुलगी चमच्याने उकरायला निघाली होती, तिला थांबवले. भांडे तसेच कोमट पाण्यात ठेवले, तेल कडेकडेने सुटून पाऊण तासात वितळले, आणि कॅसेट निथळवून नेहमीप्रमाणे मेणात गेल्या. रात्रभर तेलात राहूनही तुकडे मऊ होते. दुपारी काप सरळ आले, केंद्रके स्वच्छ दिसली आणि दोन्ही अहवाल संध्याकाळी गेले.

बाथच्या बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असे लिहिले. फेब्रुवारी संपेपर्यंत तेलाच्या भरलेल्या बाटल्या मेणाच्या भट्टीशेजारच्या फळीवर ठेवायच्या आहेत.